थंडीच्या दिवसांत मोटारसायकलचे इंजिन कसे गरम करावे

निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा ५ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला, की द्राक्षबागायतदार पहाटे तीन-चार वाजता उठून बागेत शेकोट्या पेटवायला निघतात, कारण पाणी उतरलेले द्राक्षमणी गारठ्याने तडकतात. रात्रभर पडवीत किंवा उघड्या अंगणात उभी राहिलेली मोटारसायकल नेमकी त्याच वेळी, गारठा सर्वांत जास्त असताना, सुरू करावी लागते. दूध घालायला जाणारे, पहाटेच्या लिलावासाठी भाजी नेणारे आणि पहिल्या पाळीचे कामगार यांचेही तसेच असते. यांपैकी बरेच जण दोन चुकांपैकी एक करतात. काही जण इंजिन लागताच गाडी गिअरमध्ये टाकून जोरात पिळतात, तर काही जण चोक ओढून आणि रेस देत गाडी दहा-दहा मिनिटे अंगणात धडधडत ठेवतात. दुसरी चूक काळजीपोटी होत असल्याने ती चूक वाटत नाही. पण इंजिनाचे नुकसान तिनेही होते. अनेक हिवाळे गाडी वापरल्यावर माझे मत असे झाले आहे, की इंजिन सुरू करावे, ते स्थिर होईपर्यंत साधारण अर्धा ते एक मिनिट थांबावे आणि पुढचे गरम होणे रस्त्यावर, हळुवार चालवताना होऊ द्यावे.

असे का, हे समजण्यासाठी गार इंजिनात काय चालते ते पाहिले पाहिजे. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याची वाफ हवेत मिसळली तरच ठिणगी पडताच ते पेट घेते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात. इंजिन गार असते तेव्हा आलेल्या पेट्रोलचा काही भाग इनटेकच्या नळीला आणि सिलिंडरच्या भिंतीला थेंबांच्या रूपात चिकटून राहतो, आणि ठिणगीपर्यंत पोचणारे मिश्रण अपुरे पडते. म्हणून सुरुवातीला पेट्रोलचे प्रमाण मुद्दाम वाढवावे लागते. जुन्या गाडीत पेट्रोल आणि हवा मिसळण्याचे काम कार्ब्युरेटर करतो, आणि हे प्रमाण त्याचा चोक वाढवतो; नव्या, इंजेक्शनच्या गाडीत ते संगणक करतो. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते, आणि इथेनॉलची वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या तुलनेत दुपटीहून अधिक उष्णता लागते, त्यामुळे गारठ्यात पहिली किक पूर्वीपेक्षा थोडी जड जाते, असे वाटण्याला कारण आहे.

दुसरी बाब ऑइलची. रात्रभरात ऑइल निथळून तळाशी जमा होते आणि वॉल्व उघडणाऱ्या वरच्या कॅमशाफ्टवर, रॉकरवर आणि सिलिंडरच्या भिंतीवर त्याचा केवळ पातळ थर उरतो. गारठ्याने घट्ट झालेले ऑइल पंपातून वरपर्यंत चढायला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागतो. ते काही क्षण धातूवर धातू जवळजवळ कोरडा घासतो, आणि तेव्हाच रेस दिली तर झीज कित्येक पटींनी वाढते.

तिसरी बाब धातूंच्या फुगण्याची. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि बऱ्याच गाड्यांत त्याच्याभोवतीची स्लीव्ह बिडाची असते. सारख्याच उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. शिवाय ज्वाळेच्या थेट समोर असल्याने पिस्टन आधी तापतो आणि सिलिंडर मागून. गार इंजिनावर एकदम जोर दिला, तर पिस्टन फुगलेला आणि स्लीव्ह अजून आकसलेली अशी अवस्था येते, आणि मधली फट संपली की पिस्टनवर उभे ओरखडे उठतात. गॅरेजच्या भाषेत यालाच इंजिन पकडणे म्हणतात. फोर-स्ट्रोकमध्ये हे क्वचित घडते, टू-स्ट्रोकमध्ये सहज घडू शकते.

आदल्या दिवशीची तयारी

पहाटेचा निम्मा त्रास आधीच टाळता येतो. प्रथम ऑइल पाहावे. डब्यावरच्या १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० या आकड्यांपैकी डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, तर नंतरचा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा. १०डब्ल्यू प्रतीच्या ऑइलची गार अवस्थेतील चाचणी उणे २५ अंशांवर होते आणि २०डब्ल्यू प्रतीची उणे १५ अंशांवर, म्हणजे महाराष्ट्रातल्या कोणत्याही थंडीत दोन्ही वाहतात. तरीही ५ अंशांवर २०डब्ल्यू-५० हे १०डब्ल्यू-३० पेक्षा बरेच दाट असते, आणि ज्या गाडीला कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितले आहे तिच्यात 'जाड ऑइल इंजिनाला चांगले' या समजुतीने २०डब्ल्यू-५० ओतणे म्हणजे रोज पहाटे तिला उपाशीपोटी पळवणे होय. उलट, जिला २०डब्ल्यू-५० सांगितले आहे तिच्यात थंडीपुरते पातळ ऑइल घालण्याचीही गरज नसते. आपल्याकडे त्याच महिन्यात दुपारी ३० अंश होतात. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले आहे तेच घालावे. मोटारीचे ऑइल मात्र मोटारसायकलीत घालू नये, कारण बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि मोटारीच्या ऑइलमधील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे त्याच्या प्लेटा घसरू शकतात. डब्यावर जॅसो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीची प्रत) असा उल्लेख असल्याची खात्री करावी. पातळी तपासताना गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी उभी हवी. बदलायची मुदत उलटलेले काळे ऑइल थंडीत अधिकच जड होते, म्हणून दिवाळीच्या सुमारास बदल केला की हिवाळा निर्धास्त जातो.

बॅटरीकडे लोक गाडी बंद पडल्यावरच पाहतात. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि दाट ऑइलमुळे सेल्फला जास्त जोर लागतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी ओढाताण होते. उन्हाळ्यात कसेबसे काम देणारी बॅटरी म्हणूनच डिसेंबरच्या पहिल्या गारठ्यात मान टाकते. रात्रभर गाडी उभी राहिल्यानंतर मीटर लावला असता १२.६ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसले तर बॅटरी भरलेली समजावी, १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून घ्यावी. टर्मिनलवर आलेली पांढरी-हिरवट बुरशी कोमट पाण्याने आणि जुन्या ब्रशने धुऊन, कोरडे करून, हलक्या हाताने व्हॅसलीन लावावे. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि मी पाहिलेल्या 'सेल्फ लागत नाही' या तक्रारींपैकी बऱ्याच तेवढ्यानेच मिटल्या आहेत.

कार्ब्युरेटरच्या गाडीचा प्लग काढून पाहावा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर चोकचा अतिवापर, भरलेला एअर फिल्टर किंवा चढे, म्हणजे पेट्रोल जास्त झालेले मिश्रण यांपैकी काहीतरी आहे. टॅपेटचे, म्हणजे वॉल्वजवळच्या बारीक फटीचे, अंतरही मिस्त्रीकडून एकदा तपासून घ्यावे, कारण वॉल्व घट्ट बसवला गेला असेल तर गार गाडी फार दमवते. गाडी शक्यतो आडोशाला, भिंतीलगत उभी करावी. वर साधे कापड टाकले तर दव बसत नाही, आणि प्लगच्या टोपणात व वायरींत ओल शिरल्याने होणारे मिसिंग (ठिणगी चुकून इंजिन अडखळणे) टळते.

एक सूचना मात्र सर्वांच्या आधी पाळायची आहे. घराच्या आत, बंद शेडमध्ये किंवा दार लोटलेल्या पडवीत इंजिन कधीही चालू ठेवू नये. चोकवर चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड विपुल असतो, त्याला वास नसतो, आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. गाडी ढकलत उघड्यावर आणूनच सुरू करावी.

कार्ब्युरेटरची गाडी

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू होण्यापूर्वीच्या बहुसंख्य गाड्या या प्रकारच्या आहेत आणि गावोगावी त्या अजून रोजच्या कामात आहेत. पेट्रोल कॉक उघडावा आणि फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची वाटी) भरण्यासाठी काही क्षण द्यावेत. गाडी मेन स्टँडवर घेऊन, चावी बंद ठेवून चार-पाच वेळा सावकाश किक दाबावी. यामुळे ऑइल थोडे वर चढते आणि पेट्रोलचे मिश्रण आत खेचले जाते. मग चावी लावावी, न्यूट्रलचा दिवा पाहावा, चोक पूर्ण ओढावा आणि ॲक्सिलरेटर अजिबात न पिळता किक मारावी. चोक ओढलेला असताना ॲक्सिलरेटर पिळला, तर तिथला हवेचा ओढा कमी होऊन चोकचा परिणाम बऱ्याच गाड्यांत मारला जातो. गार गाडी दहा किकांतही लागत नाही, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

इंजिन लागले की ते चोकमुळे चढ्या चालीवर चालेल. पंधरा-वीस सेकंदांनी चोक अर्ध्यावर आणावा. इंजिन डगमगले तर पुन्हा थोडा ओढावा, सुरळीत चालले तर आणखी पंधरा-वीस सेकंदांत पूर्ण बंद करावा. ५ ते १० अंशांच्या थंडीत एवढे पुरते. पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर येथील नेहमीच्या १२-१५ अंशांच्या सकाळी बहुतेक गाड्यांना चोक अर्धा मिनिटही लागत नाही, आणि कोकणात तर तो वर्षानुवर्षे हात न लावताच राहतो. चोक बंद करायचे विसरून गाडी चालवणे हा हिवाळ्यातला सर्वांत महाग विसर आहे. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढते, पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली उतरून ऑइल पातळ करते आणि प्लगवर काजळी धरते. माझ्या शंभर सीसीच्या गाडीचा प्लग एका हिवाळ्यात तीनदा काळा पडला. मी कार्ब्युरेटर उघडायला निघालो होतो. दोष इतकाच होता, की चोकची केबल गंजून अडकत होती आणि दांडी खाली केली तरी चोक पूर्ण बंद होत नव्हता. म्हणून दांडीवर विसंबू नये, कार्ब्युरेटरजवळचा भाग जागेवर परतला का हे एकदा वाकून पाहावे.

जुनी बिडाची बुलेट असेल तर तिची रीत वेगळी आहे आणि ती सबुरीने पाळली तर ती थंडीतही दुसऱ्या-तिसऱ्या किकेत लागते. किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणावा, डिकॉम्प्रेसरची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) दांडी ओढून किक अगदी थोडी पुढे सरकवावी, दांडी सोडावी, किक वर येऊ द्यावी आणि मग संपूर्ण पाय उतरवत एकच सलग किक मारावी. त्या जड बिडाला तापायला वेळ लागतो, म्हणून ती मिनिट-दोन मिनिटे जागेवर चालू ठेवण्यास हरकत नाही. १९९६ पर्यंत बनलेली आरएक्स १०० किंवा तशीच कोणतीही टू-स्ट्रोक असेल, तर पहिल्या काही किलोमीटरात तिच्या आवाजाचा मोह आवरावा. गार टू-स्ट्रोक पिळणे म्हणजे वर सांगितलेले पिस्टन पकडणे ओढवून घेणे आहे.

इंजेक्शनची गाडी

या गाडीत चोक नसतो आणि माणसाने करायचे काम फार थोडे असते. ते थोडे मात्र नीट करावे. चावी लावून किल स्विच (हँडलवरचे इंजिन बंद-चालू करण्याचे बटण) चालू करावा आणि पेट्रोल पंपाचा गुणगुणल्यासारखा आवाज थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद वाट पाहावी. तेवढ्यात पेट्रोलचा दाब तयार होतो. नंतर क्लच दाबून, ॲक्सिलरेटरला हात न लावता सेल्फ द्यावा. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ दाबू नये आणि दोन प्रयत्नांत किमान दहा-पंधरा सेकंद थांबावे, म्हणजे बॅटरी सावरते आणि सेल्फची मोटार तापत नाही. इंजिनाचे तापमान मोजणारा सेन्सर संगणकाला गारठ्याची खबर देतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. अनेक गाड्यांत स्लोही, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता असणारी इंजिनाची चाल, आपोआप चढा ठेवला जातो. तो पूर्ण खाली येईपर्यंत उभे राहण्याची आवश्यकता नाही.

या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असते आणि ते साधारण २५० ते ३०० अंशांवर पोचल्यावरच काम करू लागते. उभ्या गाडीवर तिथपर्यंत पोचायला फार वेळ जातो, चालत्या गाडीवर लवकर. म्हणजे अंगणात दहा मिनिटे धूर सोडणारी नवी गाडी तेवढा वेळ आपल्याच दारात न शुद्ध झालेला धूर ओकत असते.

उभ्या गाडीवर किती वेळ

एअर-कूल्ड (हवेने थंड होणारे) इंजिन जागेवर चालू ठेवले, की सिलिंडरचे वरचे डोके तापते. पण तळाचे ऑइल, गिअरबॉक्स आणि क्लच बराच काळ गारच राहतात, कारण स्लोवर इंजिन फार थोडे पेट्रोल जाळते आणि फार थोडी उष्णता तयार करते. बाहेरून हात लावला की सिलिंडर गरम लागतो आणि गाडी तयार झाली असे वाटते, ते खरे नसते. थंडीतही १५ अंशांच्या वर अर्धा मिनिट, ५ ते १५ अंशांत एक मिनिटाच्या आसपास आणि त्याखाली दीड ते दोन मिनिटे पुरतात. घड्याळापेक्षा इंजिनाचे ऐकावे: चोक बंद असताना ते सलग चालत असेल आणि हलका ॲक्सिलरेटर दिल्यावर अडखळत नसेल, तर निघावे. सुरुवातीची टॅपेटची बारीक टिकटिक ऑइल वर पोचताच कमी होते. तेवढा वेळ हेल्मेट चढवण्यात, हातमोजे घालण्यात आणि सीटवरचे दव पुसण्यात सहज जातो.

पहिले चार-पाच किलोमीटर

क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा. गार ऑइलमुळे प्लेटा किंचित चिकटलेल्या असतात, म्हणून खट्ट असा आवाज येऊन गाडी पुढे ओढली जाते. त्यात काही बिघाड नाही. पुढचे चार-पाच किलोमीटर ॲक्सिलरेटर अर्ध्यापेक्षा कमी ठेवावा, गिअर वेळेवर बदलावेत आणि मध्यम चालीवर राहावे. फार रेस नको, तसेच वरच्या गिअरमध्ये फार कमी चालीवर इंजिन कण्हतही ठेवू नये, कारण गार ऑइलवर असा दाब बेअरिंगला सोसत नाही. मागे दुधाचे कॅन किंवा भाजीची पोती असतील, तर हे अंतर थोडे वाढवावे. घराबाहेर पडताच चढ असेल, तर तो खालच्या गिअरमध्ये शांतपणे चढावा. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या मीटरवर तापमान दिसते. ते मधल्या पट्ट्यात येईपर्यंत हाच संयम ठेवावा आणि त्यानंतरही ऑइलसाठी आणखी काही किलोमीटर द्यावेत. या काळात टायरही गार आणि कडक असतात. उसाच्या किंवा कालव्याच्या कडेचा रस्ता दवाने ओला असतो, म्हणून वळणावर आणि ब्रेकवर तितकाच हात आखडता ठेवावा.

रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचाच असेल तर एक वेगळी अडचण येते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. इंजिन पुरेसे तापले नाही, तर या वाफेचा काही भाग सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्येच थंड होऊन राहतो. सायलेन्सर आतून गंजतो आणि ऑइल तपासण्याच्या काचेवर किंवा टोपणाखाली दुधट चिकट थर दिसू लागतो. सकाळी सायलेन्सरमधून निघणारा पांढरा धूर आणि टपकणारे पाणी यांत घाबरण्यासारखे काही नाही. गाडी तापल्यावरही पांढरा धूर राहिला तरच मिस्त्रीला दाखवावे. यावर उपाय इतकाच, की आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग वीस-पंचवीस किलोमीटर चालवावी.

गाडी लागलीच नाही तर

दहा-बारा किकांनंतर पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला, तर गाडी ओव्हर झाली, म्हणजे आत जास्त पेट्रोल साचले आहे, असे समजावे आणि चोक बंद करावा. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धरून चार-पाच किका माराव्यात, म्हणजे साचलेले पेट्रोल हवेबरोबर बाहेर पडते. अनेक इंजेक्शनच्या गाड्यांतही पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन सेल्फ दिला, की संगणक पेट्रोल थांबवतो. त्यानेही जमले नाही, तर प्लग काढून कोरड्या फडक्याने पुसावा, काजळी असेल तर पॉलिश पेपरने साफ करावी आणि पुन्हा बसवावा. धक्का मारून गाडी लावायची असेल, तर दुसरा गिअर घ्यावा. मात्र इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पार उतरली असेल, तर पेट्रोल पंपच चालत नाही आणि कितीही धक्का मारला तरी उपयोग होत नाही. सिलिंडरवर गरम पाणी ओतू नये, कारण गार धातू एकदम तापून तडकू शकतो, आणि पाणी वायरींत शिरते. उत्तरेकडे ट्रकचालक डिझेलच्या टाकीखाली जाळ करतात म्हणून कोणी पेट्रोलच्या गाडीजवळ जाळ करत असेल, तर त्याला तात्काळ थांबवावे. गारठ्यात डिझेलमध्ये मेण धरते, पेट्रोलचे तसे होत नाही, त्यामुळे या धोक्याचा काहीच फायदा नाही.

दरवर्षी आपल्याकडची शेकडो मुले लेह-लडाखला जातात, त्यांच्यासाठी थोडे. ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच्या आसपास असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरचे मिश्रण आपोआपच चढे होते. तिथे चोक थोडाच आणि थोडाच वेळ लागतो, आणि महाराष्ट्राच्या सवयीने तो ओढून ठेवला तर प्लग ओला होतो. खरदुंग ला या खिंडीत किंवा त्याहून उंच घाटात गाडी बंद केली, तर ती फार झपाट्याने गारठते. तिथे पंधरा मिनिटांचा थांबाही पहिल्या पहाटेसारखा मानावा.

घराजवळच्या बागेतही अर्धवट गार झालेल्या गाडीशी गाठ पडते. शेकोट्या पेटवून, ठिबक सोडून दोन-अडीच तासांनी आपण बांधावर परत येतो, तेव्हा इंजिनाला हात लावला तर ते कोमट किंवा गार लागते. कोमट असेल तर चोक ओढूच नये. हलका ॲक्सिलरेटर देऊन किक मारावी. पूर्ण गार असेल तर चोक अर्धाच ओढावा आणि इंजिन लागताच बंद करावा. ऑइल अजून वरच्या भागात असते, म्हणून दहा-पंधरा सेकंद थांबले की निघता येते. मात्र परतीच्या वाटेवरही पहिले दोन किलोमीटर हळूच न्यावेत.